ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल टॉप-अप करताना या चुका टाळा

कात्रजच्या घाटात ऑटोमॅटिक गाडी नुसतीच रेस घेते, आवाज वाढतो पण उचलत नाही. सकाळी लिव्हर डी (ड्राइव्ह) वर टाकला की क्षणभर थांबून झटका देते. अशी लक्षणं दिसली की बरेच जण ऑइल कमी झालं असं धरून चालतात, नाना पेठेतून डबा आणतात आणि ओतून मोकळे होतात. ओतण्याआधी थोडं थांबा.

पहिला प्रश्न, गाडी कोणती? 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी प्रकारची ऑटोमॅटिक रुळली. तिचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्रणा करते. तिला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल नाही, मॅन्युअलचं गिअर ऑइल लागतं. सीव्हीटीचं, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं ऑइल पुन्हा वेगळं, कारण तिथे धातूच्या पट्ट्याची पुलीवरची पकड त्या ऑइलवर अवलंबून असते. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-2 हे ऑइल सांगितलं असेल तर तेच घाला. दुकानदार ‘सगळ्यांना चालतं’ म्हणाला तरी गाडीसोबतच्या माहितीपुस्तकातला (ओनर्स मॅन्युअल) ग्रेड दाखवून मागा.

दुसरी चूक मोजण्यातली, आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. ऑइल तापलं की फुगतं. थंड गाडीत डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) काढून ‘हॉट’ची खूण बघितली, तर पातळी कमीच दिसणार. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि सपाट जागी लावा. सोसायटीच्या रँपवर मोजू नका. घाट उतरून आला असाल तर अर्धा तास जाऊ द्या. मग इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला आणि पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबवत परत पी (पार्क) मध्ये आणा. आता डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. जुन्या होंडा ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद करून 60 ते 90 सेकंदांत मोजायचं असतं, म्हणून आपल्या गाडीचं ओनर्स मॅन्युअल उघडाच.

पातळी खरंच कमी निघाली, तर लांब नरसाळ्याने शंभर-दोनशे मिली घाला आणि पुन्हा मोजा. जास्त ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट. फिरणारे भाग ते ताकासारखं घुसळतात, फेस होतो, हवा मिसळते, प्रेशर पडतं आणि क्लच प्लेट घसरतात. म्हणजे लक्षण तेच, गाडी उचलत नाही! मग माणूस आणखी ओततो. जास्त झालेलं काढून घ्या, तसंच चालवू नका.

आणि ऑइल गेलं कुठे? गिअरबॉक्समध्ये ते इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ असतं. लालसर, तेलकट डाग दिसला तर ड्राइव्ह शाफ्टचं सील, खालच्या पॅनचं गॅस्केट आणि गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरचे पाइप तपासून घ्या. दर महिन्याला टॉप-अप करत राहणं हा इलाज नव्हे.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सरळ उचलून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघून लेव्हलच्या बोल्टमधून मोजतात. हे पार्किंगमध्ये जॅक लावून करू नका.

रंगही बघा. काळपट आणि जळका वास असेल तर टॉप-अपने भागणार नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या अंडरपासमधून गाडी काढल्यावर, किंवा रेडिएटरमधला कूलर फुटल्यावर, ऑइल गुलाबीसर दुधाळ होतं. त्यात पाणी शिरलेलं असतं. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नका. दोरी बांधून ओढायचीही नाही, कारण इंजिन बंद असलं की ऑइलचा पंप फिरत नाही आणि चाकांबरोबर आतले भाग कोरडे घासतात. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड बोलवा.