हेपटायटिस सी बरा झाल्यावरची सहामाही लिव्हर तपासणी: निघण्याआधी पिशवीत काय हवं

हेपटायटिस सी च्या गोळ्या संपल्या, त्यानंतर बारा आठवड्यांनी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते पाहणारी तपासणी) केला आणि 'विषाणू आढळला नाही' असा रिपोर्ट आला. इथवर बहुतेक जण नीट पोचतात. ही तयारी त्यापुढची आहे. गोळ्या सुरू होण्याआधीच ज्यांना सिरॉसिस (व्रण पडून लिव्हर कडक होणं) झाला होता किंवा व्हायच्या बेतात होता, त्यांच्यासाठी आहे. लिव्हर तेव्हा ठीक होतं, दारू नाही, दुसरा लिव्हरचा आजार नाही, अशांना सहसा हे सगळं करावं लागत नाही. एकदा डॉक्टरांकडून तसं स्पष्ट करून घ्या आणि निर्धास्त राहा.

बाकीच्यांनी मात्र हे वाचाच. विषाणू गेला तरी लिव्हरवरचे व्रण राहतात आणि कॅन्सर होतो तो अशा व्रण पडलेल्या लिव्हरमध्ये. गोळ्यांनी धोका पुष्कळ उतरतो, साधारण एक तृतीयांशावर येतो, पण संपत नाही. सिरॉसिसवाल्यांत बरं झाल्यावरही दर वर्षी शंभरातल्या एका-दोघांना लिव्हरचा कॅन्सर निघतो, आणि हे पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. या गाठी साधारण चार-सहा महिन्यांत दुप्पट होतात. वर्षभर थांबलात तर लहान असताना सापडायची संधी जाते. पोट दुखत नाही, भूक लागते, वजन ठीक आहे, हे सुरुवातीच्या कॅन्सरमध्येही असंच असतं.

आता पिशवी. सगळ्यात आधी, बाकी काहीही ठेवण्याआधी, गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा फायब्रोस्कॅनचा (लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा) कागद ठेवा. पूर्वीचा. नंतरचा नव्हे. माझ्या आईच्या एका खेपेला हाच कागद घरी राहिला. डॉक्टर नवीन होते. त्यांनी ताजा आकडा पाहिला, 10 च्या आत, व्हायरल लोड नाही, लिव्हरचे एन्झाइम नॉर्मल. म्हणाले, आता यायची गरज नाही. आम्ही आनंदाने घरी आलो आणि सोनोग्राफीची एक पाळी चुकली. जुना आकडा 19 किलोपास्कलचा (हे कडकपणाचं माप) होता, म्हणजे सरळ सिरॉसिस. तो समोर असता तर असं कोणी म्हणालं नसतं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे तुम्हालाच बोलता येईल. फायब्रोस्कॅन लिव्हरचा कडकपणा मोजतो. विषाणू असताना त्या कडकपणात व्रण आणि सूज दोन्ही धरलेली असतात. विषाणू गेला की सूज उतरते आणि आकडा झपाट्याने खाली येतो. व्रण तेवढ्या वेगाने जात नाहीत. म्हणून गोळ्यांनंतरचा चांगला आकडा बघून सोनोग्राफी बंद करायची नसते. निर्णय जुन्या आकड्यावर करायचा असतो. सी मध्ये 12.5 च्या वर साधारण सिरॉसिस धरतात.

फायब्रोस्कॅन झालाच नसेल तर? आपल्याकडे हेपटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला आणि औषधं मोफत मिळू लागली. तिथे पुष्कळांचं सगळं रक्तावरच ठरलं: एएसटी, एएलटी (लिव्हरचे एन्झाइम), प्लेटलेट आणि वय यांवरून एपीआरआय आणि फिब-4 हे व्रणांचा अंदाज देणारे आकडे काढतात. मग गोळ्यांआधीचे ते रक्ताचे रिपोर्ट हाच तुमचा जुना कागद. तेही गेले असतील तर औषधाची जुनी चिठ्ठी शोधा. त्या कार्यक्रमात सिरॉसिस नसलेल्यांना सोफोसबुव्हिरबरोबर डाक्लाटासव्हिर द्यायचे, सिरॉसिसवाल्यांना वेल्पाटासव्हिर. बरोबर रिबाव्हिरिन हे औषध असेल किंवा कोर्स 24 आठवड्यांचा असेल तर लिव्हर तेव्हा आणखी खालावलेलं असण्याची शक्यता जास्त. हा पुरावा नाही, पण डॉक्टर त्यावरून पुढचे प्रश्न विचारू शकतात. चिठ्ठीसुद्धा नसेल तर जिथून औषध घेतलं तिथे जाऊन नोंद मागा. आळस करू नका.

आणि तो कागद लॅमिनेट करू नका, हात जोडून सांगते. सोनोग्राफीचे फोटो आणि काही ठिकाणच्या फायब्रोस्कॅनच्या पट्ट्या गुळगुळीत थर्मल कागदावर निघतात. लॅमिनेशनच्या उष्णतेने तो कागद काळा पडतो. तसाच ठेवला तरी दोन-तीन उन्हाळ्यांत आकडे फिके होतात; आईच्या पट्टीवरचा तारखेचा कोपरा आत्ताच वाचता येत नाही. आज झेरॉक्स काढा. दोन काढा. एक पिशवीत, एक कपाटात, आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. फाईलच्या पहिल्याच पानावर जाड पेनाने लिहा: 'उपचाराआधी सिरॉसिस, फायब्रोस्कॅन इतका, तारीख अमुक'. डॉक्टरांना एका रुग्णामागे जेमतेम काही मिनिटं असतात. ते शेवटचं पान उलटून बघणार नाहीत.

सोनोग्राफीची चिठ्ठी नीट वाचून घ्या. नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' लिहिलेलं नको. 'सिरॉसिस, सी बरा झालेला, लिव्हरमध्ये गाठ आहे का पाहणे' असं लिहून मागा. काय शोधायचं ते माहीत असलेला माणूस वेगळ्या बारकाईने बघतो. मागचा सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या, शक्यतो त्याच केंद्रात जा. सकाळची वेळ घ्या. सहा ते आठ तास पोट रिकामं. साधं पाणी चालतं, चहा नाही. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळी उपाशी असताना घ्यायची का, हे आदल्या दिवशी विचारा. तिथे पोचल्यावर विचारण्याची ही गोष्ट नाही. बरोबर डबा ठेवा.

आणि तपासणी झाल्यावर एक प्रश्न विचारा: लिव्हर पूर्ण दिसलं का? पोटावर चरबी असेल, गॅस असेल, तर डायफ्रॅमच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) खालचा भाग नीट दिसत नाही. 'गाठ नाही' आणि 'गाठ दिसली नाही' यांत फरक आहे. नीट दिसलं नसेल तर ते रिपोर्टवर लिहून मागा, म्हणजे पुढच्या वेळी एमआरआय किंवा सीटीचा विचार होईल.

रक्त: एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन), लिव्हर फंक्शन, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). एएफपी नॉर्मल आला म्हणून सोनोग्राफी टाळू नका. कॅन्सर असूनही तो नॉर्मल असू शकतो. एका आकड्यापेक्षा तो चढत चाललाय का हे महत्त्वाचं, म्हणून मागचे आकडे एका कागदावर ओळीने लिहून न्या. त्याच कागदावर गोळ्यांआधीचा फायब्रोस्कॅनसुद्धा लिहा. हो, परत तेच. मूळ कागद विसरलात तरी निदान आकडा तरी समोर राहील.

सी ची अँटिबॉडी पुन्हा करू नका. ती बरं झाल्यावरही बहुतेक आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, आणि दर वेळी लॅबच्या रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचून घर हादरतं. शंका असेल तर व्हायरल लोड. डायलिसिस, पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागणं, अशा ठिकाणी नव्याने लागण होऊ शकते, कारण सी ला लस नाही. हेपटायटिस बी तपासला नसेल तर तो एकदा बघा.

काही वर्षांपूर्वी या नव्या गोळ्यांमुळेच कॅन्सर वाढतो अशी भीती पसरली होती. 2016 मधल्या एका लहान अभ्यासावरून ती निघाली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. त्या भीतीने कोणी गोळ्या टाळत असेल तर त्यांना हे सांगा.

डॉक्टरांसमोर: दारू, वजन, साखर, चालू सगळी औषधं, काढे आणि चूर्णंसुद्धा. खरं सांगा. प्लेटलेट कमी असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी कधी, ते विचारा.

गाठ निघाली तर: एक सेंटिमीटरच्या आत असेल तर तीनेक महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, त्याहून मोठी असेल तर तीन फेजचा (औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा एमआरआय, थांबायचं नाही. सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लागतं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी सांगा. लहान गाठ म्हणजे शस्त्रक्रिया, जाळून टाकणं, ट्रान्सप्लांट असे मार्ग उरतात. सिरॉसिसमध्ये पुष्कळदा स्कॅनवरच निदान होतं, सुई टोचावी लागत नाही.

निघताना पुढची तारीख तिथेच घ्या, घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. सी झालेली व्यक्ती आई असेल आणि तिच्या मुलांची तपासणी कधी झालीच नसेल, तर त्यांची अँटिबॉडी त्याच दिवशी त्याच लॅबमध्ये एकदा करून घ्या.