मोटारसायकलच्या टायरमध्ये नायट्रोजन: कधी भरावा, कधी साधी हवा पुरे

हवा भरायला गेले की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर पडतो: साधी भरू की नायट्रोजन? मागे गाड्या ताटकळत असतात, हवा भरणाऱ्याच्या हातात पाइप तयार असतो आणि उत्तर लगेच द्यायचे असते. त्यामुळे काही जण टायर फुटेल या धास्तीने नायट्रोजनच भरा म्हणतात, तर काही जण हे सगळे पैसे उकळायचे उद्योग आहेत असे ठरवून नकार देतात. दोन्ही उत्तरे घाईत दिलेली असतात. नायट्रोजनचा फायदा खरा आहे आणि तो मोजताही येतो; पण तो किती आहे आणि नेमका कशात आहे हे एकदा समजून घेतले, तर पुढच्या वेळी मनात शंका न ठेवता उत्तर देता येते.

पहिली गोष्ट म्हणजे आपण जिला साधी हवा म्हणतो तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आसपास आरगॉन आणि हवामानानुसार कमीजास्त होणारी पाण्याची वाफ असते. म्हणजे नायट्रोजन भरताना आपण टायरमधला ऑक्सिजन आणि वाफ कमी करण्यासाठी पैसे मोजत असतो. ऑक्सिजन आणि वाफ टायरला नेमका काय त्रास देतात, एवढाच खरा प्रश्न उरतो.

टायरचे रबर वरून कितीही घट्ट वाटले, तरी वायूचे रेणू त्यातून अगदी सावकाश झिरपत बाहेर पडत असतात. ऑक्सिजनचा रेणू नायट्रोजनपेक्षा किंचित लहान असतो आणि रबरात अधिक विरघळतोही, म्हणून तो रबरातून नायट्रोजनच्या सुमारे तीन ते चार पट वेगाने निसटतो. हा आकडा ऐकून नायट्रोजन भरला की हवा तीन-चार पट जास्त टिकेल असे वाटते, पण तसे होत नाही, कारण हवेत ऑक्सिजन मुळात पाचवा हिस्साच आहे. हिशेब केला, तर साध्या हवेची झिरप शुद्ध नायट्रोजनच्या साधारण दीडपट भरते. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-संस्थेने मोटारींच्या ३१ प्रकारच्या टायरांवर वर्षभर जी चाचणी केली आणि २००७ साली प्रसिद्ध केली, तिचे निष्कर्षही असेच होते: ३० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे एकक) दाबाने भरलेल्या टायरांपैकी नायट्रोजनवाल्यांचा दाब वर्षात सरासरी २.२ पीएसआयने घटला, तर हवावाल्यांचा ३.५ पीएसआयने. वर्षभरात फरक सव्वा पीएसआयच्या आसपास, आणि नायट्रोजन भरलेल्या टायरातलाही दाब उतरलाच.

मोटारसायकलच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या पडतात. टायर लहान असल्यामुळे आत वायू थोडाच मावतो, आणि तेवढाच वायू निसटला तरी दाब मोटारीच्या टायरपेक्षा जास्त उतरतो. शिवाय तारेच्या चाकांत बहुधा ट्यूब असते आणि तिची भिंत पातळ असते. या कारणांनी मोटारसायकलला नायट्रोजनचा उपयोग मोटारीपेक्षा थोडा जास्त व्हायला हवा, हे मान्य केले पाहिजे. पण दुचाकीची हवा झटपट उतरते तेव्हा दोष सहसा झिरपण्याचा नसतो. व्हॉल्व्हची पिन सैल असते, टायरची कडा रिमवर नीट बसलेली नसते, रिमला गंज किंवा पोचा असतो, नाही तर एखादा बारीक खिळा रबरात मुकाट रुतलेला असतो. अशा भोकातून नायट्रोजन आणि हवा सारख्याच सुटतात.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. मागच्या टायरची हवा आठवड्याला चार-पाच पीएसआयने उतरत होती. नायट्रोजन भरला की उतरणार नाही असे मला सांगण्यात आले आणि मी विश्वास ठेवला. नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हवर हिरवे टोपण बसले, आठवडा गेला, आणि काटा पुन्हा तितकाच खाली आला. मग साबणाच्या पाण्याचे एक बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवले. क्षणभर काही दिसले नाही. नंतर मधोमध मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला, आणि त्याच जागी लगेच दुसरा धरला. पिन पाव फेरा आवळताच बुडबुडे थांबले. तेव्हापासून कोणी नायट्रोजनबद्दल विचारले, की मी आधी साबणाचे पाणी लावून पाहायला सांगतो.

आता उष्णतेकडे वळू, कारण नायट्रोजनने टायर थंड राहतो आणि दाब वाढत नाही, असे सर्रास सांगितले जाते. टायर तापतो तो फिरताना रबर सतत दबते आणि सुटते म्हणून. आतल्या वायूची त्यात भूमिका नगण्य असते. आणि तापल्यावर दाब वाढणे हा सर्वच वायूंचा धर्म आहे. ३० अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय भरलेला टायर धावून ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब जवळपास ३८ पीएसआयपर्यंत जातो, मग आत कोरडा नायट्रोजन असो की कोरडी हवा. ढोबळ मानाने दर दहा अंशांना दीड पीएसआय धरावा.

मात्र वरच्या वाक्यात ‘कोरडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते नायट्रोजनच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफ थंड होऊन टाकीच्या तळाशी पाणी म्हणून साठते. टाकीच्या बुडाचा नळ उघडून ते वेळच्या वेळी सोडले नाही, तर तेच पाणी पाइपातून टायरमध्ये जाते. त्याची परीक्षा सोपी आहे: हवा भरण्याआधी पाइपाच्या तोंडाची पिन दाबून हवेचा झोत तळहातावर घ्यावा, हात ओलसर झाला किंवा बारीक तुषार जाणवले, तर ती हवा टायरमध्ये घेऊ नये. टायरमध्ये थोडे पाणी राहिले, तर तापल्यावर त्याची वाफ होऊन दाबात आणखी भर पडते. वरच्याच उदाहरणात, म्हणजे ३० वरून ६० अंशांवर जाताना, ही भर दोन पीएसआयहून अधिक असू शकते. शिवाय लोखंडी रिम आतून गंजते आणि ट्यूबलेस टायरची कडा जिथे बसते तिथला रंग सोलवटून निघतो. नायट्रोजनच्या यंत्रातून येणारा वायू कोरडा असतो, म्हणून हा त्रास टळतो; अर्थात पाणी काढलेल्या, स्वच्छ कॉम्प्रेसरच्या हवेनेही तो बराचसा टळतो.

विमानांच्या आणि शर्यतींच्या दाखल्यांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन असतो हे खरे, पण त्याची कारणे वेगळी आहेत. उतरताना ब्रेक इतके तापतात की टायरमधला ऑक्सिजन आगीला हातभार लावू शकतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत बोइंग ७२७ जातीचे एक प्रवासी विमान कोसळून १६७ जण मृत्युमुखी पडले. अडकून राहिलेल्या ब्रेकमुळे तापलेला, नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेला टायर उड्डाणानंतर फुटला, हे त्या अपघाताचे कारण ठरले. शिवाय उंचावर गोठणाऱ्या थंडीत टायरमध्ये ओलावा असून चालत नाही. शर्यतीत तर दाबातल्या अगदी किंचित फरकानेही पकड बदलते, म्हणून तिथे कोरडा आणि दर वेळी सारखाच वागणारा वायू हवा असतो. कामावर जाणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या किंवा लांबच्या सहलीला निघालेल्या गाडीवर यांपैकी कोणतीच परिस्थिती येत नाही.

बाकीचे दावे थोडक्यात. नायट्रोजनने गाडी हलकी होते म्हणतात. दहा लिटर मावेल अशा टायरमध्ये बाहेरच्या हवेच्या तिप्पट दाबाखाली भरलेल्या हवेचे वजन ३६ ग्रॅमच्या आसपास असते आणि नायट्रोजनचे त्याहून साधारण एक ग्रॅम कमी. मायलेज वाढते ते दाब बरोबर राहिल्याने, मग आत काहीही असो. रबर आतून ऑक्सिजनने जुने होते हे खरे आहे, पण बाहेरून तोच ऑक्सिजन, ऊन आणि ओझोन रबराला खातच असतात, आणि रोज चालणाऱ्या मोटारसायकलचा टायर त्याआधीच झिजून संपतो.

नायट्रोजन घ्यायचा कधी?

वरचे सगळे लक्षात घेतले, तर निर्णय अवघड राहत नाही. फुकट किंवा नवा टायर बसवताना त्याच खर्चात मिळत असेल, तर आनंदाने घ्यावा. तोटा काहीच नाही. कॉम्प्रेसरची हवा ओली येत असेल आणि शेजारीच नायट्रोजनचे यंत्र असेल, तर थोडे पैसे देऊनही घ्यावा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल किंवा बंद ट्रॅकवर वेगाने चालवायची असेल, तरीही विचार करायला हरकत नाही. पण दर वेळी वेगळे पैसे मोजणे, त्यासाठी वाट वाकडी करणे, आणि मुख्य म्हणजे नायट्रोजन मिळेपर्यंत कमी हवेवर गाडी चालवणे, हे मला चुकीचे वाटते. त्यातही शेवटची गोष्ट धोक्याची आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, वळणावर गाडी जड आणि डुगडुगती लागते, ब्रेक दाबताना अंदाज चुकतो. नायट्रोजनवर साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही. शुद्धता कमी होते, एवढेच.

भरायचा ठरलाच, तर तो नीट भरून घ्यावा. टायरची हवा पूर्ण सोडली, तरी आत बाहेरच्या दाबाइतकी साधी हवा राहतेच. त्यावर २९ पीएसआय शुद्ध नायट्रोजन भरला, तर आतले प्रमाण ९३ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतून नायट्रोजन वेगळा करणारे यंत्र ९५ टक्के शुद्धतेचा वायू देत असेल, तर पहिल्या भरण्यात प्रमाण ९० टक्क्यांच्याही थोडे खाली राहते, आणि एकदा सोडून पुन्हा भरले की ९३ पर्यंत पोहोचते. म्हणून निदान एकदा सोडून भरायला सांगावे. अर्ध्या हवेवर वरून नायट्रोजन मारून हिरवे टोपण लावले, तर पैसे बहुतांशी वाया जातात. ट्यूबलेस टायरची हवा पूर्ण सोडताना गाडी मेन स्टँडवर घ्यावी आणि ज्या चाकाची हवा सोडायची ते जमिनीवर टेकू देऊ नये, नाही तर वजनाने टायरची कडा रिमवरून सुटू शकते आणि पुन्हा बसवायला खटपट करावी लागते.

दाब पाहण्याची रीत

नायट्रोजन असो की हवा, दाब तपासायचा तो टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी किंवा गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. किती भरायचा हे गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या पट्टीवर दिलेले असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो भरायचा दाब समजू नये. डबल सीट किंवा सामान घेऊन जायचे असेल, तर मागच्या टायरचा वेगळा, वाढीव आकडा पुस्तिकेत पाहावा. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसला, तर हवा काढू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती तेवढीच कमी पडते.

स्वतःचे एक गेज जरूर घ्यावे. हवा भरण्याच्या ठिकाणचे मीटर दिवसभर आपटत असते आणि दोन ठिकाणचे मीटर एकच आकडा दाखवतील याची खात्री नसते. आपले गेज दोन पीएसआयने चुकत असले, तरी ते रोज तेवढेच चुकते आणि बदल अचूक सांगते. रोज चालणाऱ्या गाडीचा दाब आठवड्यातून एकदा पाहावा, निदान पंधरवड्यातून तरी, आणि दोन्ही टायरांचे आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. दोन्ही टायर महिन्याला एक-दोन पीएसआयने उतरत असतील, तर ते नेहमीचे समजून हवा भरून टाकावी. एकच टायर दुसऱ्यापेक्षा भराभर उतरत असेल, तर आत नायट्रोजन आहे की हवा हा विचार बाजूला ठेवून साबणाचे पाणी घ्यावे आणि आधी व्हॉल्व्हचे तोंड, मग व्हॉल्व्हचे बूड, मग रिमची कडा आणि शेवटी टायरचा सगळा पृष्ठभाग, या क्रमाने बुडबुडा कुठे धरतो ते पाहावे.