गेम रंगात आला की पीसी बंद? लगेच एसएमपीएस बदलू नका

गेल्या रब्बीत पुतण्याचा पीसी रोज संध्याकाळी, गिरणी सुरू व्हायच्या वेळेलाच बंद पडायचा. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, थेट अंधार. आम्ही तालुक्याहून नवा एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारं युनिट, आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! दोष निघाला भिंतीतल्या सॉकेटमध्ये. न्यूट्रलची वायर सैल होती, प्लास्टिक काळं पडलं होतं. व्होल्टेज उतरलं की एसएमपीएस तेवढेच वॅट मिळवायला जास्त करंट ओढतो, आणि सैल जोड तिथंच दगा देतो.

म्हणून पहिली चूक ही: तपासणी पीसीच्या डब्यापासून सुरू करणं. सुरुवात भिंतीपासून करा. पीसी बंद पडताना खोलीतला बल्बही मंदावला का? पंखा हळू झाला का? मग दोष लाइनीत किंवा वायरिंगमध्ये आहे. मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा, पण गेम चालू असताना आणि त्याच वेळेला. दुपारी 230 दाखवणारी लाइन संध्याकाळी कूलर आणि मोटरपंप लागले की किती उतरते, ते तेव्हाच कळतं. शेतातल्या वस्तीवर तर हे हमखास पाहा.

विंडोजच्या नोंदीत ‘कर्नेल-पॉवर 41’ दिसलं की पुष्कळ जण एसएमपीएसला दोषी ठरवतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नाही. का, ते सांगत नाही.

यूपीएसवरचा व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आकडा वॅट समजू नका. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो. गेमिंग कार्डाचा लोड आला की तो बीप करून हात टेकतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. लाइन गेल्यावर एसएमपीएस जेमतेम 16-17 मिलीसेकंद तग धरतो, आणि साध्या मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर होणारी अदलाबदल त्याहून हळू असू शकते.

आता डब्याकडे वळा. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (कार्ड जास्तीत जास्त किती वीज ओढेल ती मर्यादा) 70 टक्क्यांवर आणून तासभर खेळा. बंद पडणं थांबलं, तर बहुधा वीजपुरवठ्याच्या वाटेतच कुठंतरी कमजोरी आहे. कार्डाला दोन 8 पिन जोड असतील तर एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नका, दोन वेगळ्या केबल द्या. एसएमपीएसचं मागचं बटण बंद करून चालू केल्याशिवाय पीसी उठतच नसेल, तर बहुतेक वेळा एसएमपीएसनं स्वतःला वाचवायला सप्लाय तोडलेला असतो. तेव्हा मात्र तो बदलायचा विचार करा. उघडू अजिबात नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? आर्थिंग नाही. पीसी बंद पडण्याचं ते क्वचितच कारण असतं, पण लेकरं त्याच डब्याला हात लावतात. वायरमनकडून तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून त्यात पाणी टाकत राहा.