गुडघा दुखतोय म्हणून हालचाल बंद करायच्या आधी हे वाचा

"वंगण संपलंय, गॅप कमी झालाय, आता जिना चढायचा नाही." माझ्या आईला एकदा हे असं सांगितलं गेलं आणि तिने ते इतकं मनावर घेतलं की दीड वर्ष ती जवळजवळ बसूनच होती, चालणं बंद, जिना बंद, आणि गुडघा बरा व्हायचा सोडून उलट जास्तच दुखायला लागला. मग एका फिजिओने तिला फक्त खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं, तर तिला उठताच येईना. गुडघ्याची झीज होती तेवढीच होती, पण मांडीची ताकद पार गेली होती. म्हणून ज्याला कोणाला हे झीज वगैरे ऐकवलं गेलंय आणि जो घाबरून बसलाय त्याच्यासाठी हे लिहितेय.

आधी आत काय असतं ते बघू. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मधे दोन अर्धचंद्रासारख्या गाद्या. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि हा द्रव आतबाहेर होतो तो तिच्यावर भार पडून सुटला की, म्हणजे आपण चाललो, वाकलो, उठलो की! त्यामुळे नुसतं बसून राहणं गुडघ्याच्या फायद्याचं नाहीये. आणि ते "वंगण संपलं" पण खरं नाही, झीज झालेला गुडघा सुजतो तेव्हा आतलं पाणी वाढलेलं असतं.

दुखतंय कुठे हे नीट बघून ठेवा, डॉक्टरला सांगताना फार उपयोग होतो. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतंय आणि जिना उतरताना, खूप वेळ बसून उठताना जास्त होतंय तर बहुतेक वाटीच्या सांध्याचा त्रास. वाटीच्या खाली बोट ठेवलं की दुखतं आणि उड्या मारल्या की वाढतं, तर तिथला स्नायूबंध. आतल्या बाजूला दुखतंय, वय पन्नाशीच्या पुढे, सकाळी आखडतं पण अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं, हे झिजेच्या संधिवाताचं नेहमीचं चित्र. सकाळचं आखडणं तासभर किंवा जास्त टिकत असेल आणि बोटांचे सांधे पण सुजत असतील तर तो वेगळा संधिवात असू शकतो, त्याचे उपचार पूर्ण वेगळे आणि लवकर सुरू करावे लागतात, तेव्हा तिथे व्यायाम करत वाट बघत बसू नका. लहान मूल गुडघा दुखतो म्हणतंय आणि लंगडतंय तर त्याचा खुबा पण तपासून घ्या, खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, तर काळजी करू नका.

आता डॉक्टरकडे जायला कधी थांबायचं नाही ते. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण सांध्यात इन्फेक्शन झालं तर ते झपाट्याने सांधा खराब करतं. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर चार पावलं पण टाकता येत नाहीत, काही तासांत गुडघा टम्म सुजला, गुडघा अडकला आणि सरळच होत नाहीये, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, तरी लगेच दाखवा.

यातलं काही नसेल तर मुख्य औषध मांडीचा पुढचा स्नायू. गुडघा दुखला आणि सुजला की हा स्नायू आपोआप ढिला पडतो, तो ढिला पडला की सगळा भार सांध्यावर जातो, मग परत दुखतं, परत आपण हालचाल कमी करतो. हे चक्र तोडायचंय. सुरुवात सोप्यापासून करा, पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा, 5 ते 10 सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. मग पाठीवर झोपून एक गुडघा वाकवलेला आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर वर उचला, क्षणभर धरा, हळू खाली आणा. हे दोन्ही रोज चालतात. ते जमलं की खुर्चीतून उठबस, आधी हात टेकून, मग हात न टेकता, खाली बसताना मुद्दाम सावकाश, कारण खरी ताकद त्या सावकाश बसण्यातच तयार होते. खुर्ची जड जात असेल तर वर उशी ठेवून उंच करा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायाम पण घ्या, खुब्याचे स्नायू कमजोर असले तर गुडघा आत वळतो.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी परत होतं तितकंच आहे तर चालू ठेवा, त्यापेक्षा वाढलं किंवा सूज आली तर कमी करा, पण बंद नका करू. आणि आठवड्यात फरक पडत नाही म्हणून सोडू नका प्लीज, सहा ते बारा आठवडे द्यावेच लागतात. आईला तर दोन महिन्यांनी कुठे फरक वाटला.

वजन जास्त असेल तर 1 किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो, म्हणजे पाच किलो पण खूप झाले. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या बाजूच्या नाही, विरुद्ध हातात धरायची, हे बहुतेक जण उलटंच करतात. ताजी दुखापत असेल तर कपड्यात गुंडाळून बर्फ 15-20 मिनिटं, जुनं आखडलेलं असेल तर शेक.

डायक्लोफिनॅकचं जेल आधी वापरून बघा, पोटात घ्यायच्या पेनकिलरपेक्षा ते सुरक्षित. गोळ्या पोट, किडनी, बीपी आणि हृदयावर परिणाम करू शकतात, त्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, 2006 मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत एकंदरीत ते नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, तेवढ्या वेळात व्यायामाला लागा.

एक्सरेचं पण एक सांगते. एक्सरेत भरपूर झीज दिसूनही न दुखणारी माणसं असतात आणि थोड्या झिजेत खूप दुखणारी पण. एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसणं चाळिशीनंतर इतकं कॉमन आहे की ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यातही सापडतं, त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून दुर्बिणीच्या ऑपरेशनला होकार देऊ नका, झिजेसाठी ते ऑपरेशन नुसत्या वरवर छेद देऊन केलेल्या खोट्या ऑपरेशनपेक्षा सरस नाही हे 2002 मध्येच दिसलंय. गुडघा बदलायचं ऑपरेशन मात्र वेगळं. रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणं अवघड झालंय आणि हे सगळं मनापासून करून पण फरक नाही, तर ते जरूर विचारात घ्या, बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण 82 टक्के 25 वर्षं टिकतात. फक्त तारीख ठरली तरी मांडीचे व्यायाम थांबवू नका, ऑपरेशननंतर उठून चालायला लागायचं ते त्याच स्नायूंच्या जोरावर.