फ्रेंचमधील ‘कोक्यू’ हा शब्द कसा वाचावा

फ्रेंच नाटकात किंवा वृत्तपत्रात ‘कोक्यू’ हा शब्द आढळला, तर तो कोणाला उद्देशून आला आहे हे आधी पाहावे. कारण तो व्यभिचार करणाऱ्याला नव्हे, तर ज्याच्या जोडीदाराने व्यभिचार केला त्याला लावला जातो. पूर्वी तो मुख्यतः नवऱ्यालाच चिकटवला जाई. स्त्रीसाठी लिहिताना शेवटी एक अक्षर वाढते, उच्चार मात्र तोच राहतो. शेवटचा स्वर साधण्यासाठी ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावे.

शब्दाचे मूळ ‘कूकू’ या पक्ष्याच्या नावात आहे. कोकिळेच्या कुळातील या पक्ष्याची मादी दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि त्या घरट्याचे मालक परके पिल्लू आपले समजून वाढवतात. तर्काने पाहता हे नाव घुसखोराला मिळायला हवे होते. ते फसलेल्याच्याच माथी बसले, ही भाषेची खोड म्हणावी लागेल, आणि वाचकाची गल्लत होते तीही येथेच.

शब्दातील उपहास समजून घ्यायचा असेल, तर फ्रेंच नाटककार मोलियेरचे १६६० मधील ‘स्गानारेल’ हे प्रहसन वाचावे. बायकोच्या हाती एका तरुणाचे चित्र दिसताच नायक स्वतःला कोक्यू ठरवून मोकळा होतो. वास्तविक ते चित्र तिला खाली पडलेले सापडलेले असते. अशा मजकुरात नवऱ्याच्या डोक्यावरील शिंगांचा उल्लेख आला, तर तोही याच अर्थाचा इशारा समजावा. ‘कोक्यूचे नशीब’ म्हणजे मात्र अफाट नशीब, म्हणून तेथे शब्दशः अर्थ लावू नये. राजकारणाच्या बातमीत स्वतःला कोक्यू म्हणवणारा मतदार किंवा मित्रपक्ष आपला विश्वासघात झाल्याची तक्रार करत असतो. विवाहाचा तेथे संबंध नसतो.

हा शब्द बोलीतला आणि बोचरा आहे, त्यामुळे दुखावलेल्या माणसासमोर तो उच्चारू नये. तेथे ‘अँफिदेलिते’, म्हणजे बेइमानी, हा सौम्य शब्द योग्य ठरतो. कायद्याच्या मजकुरात ‘आदुल्तेर’, म्हणजे व्यभिचार, हा शब्द भेटेल. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेत व्यभिचारी पत्नीला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होती, तर पतीला केवळ दंड, तोही त्याने राहत्या घरातच रखेली ठेवली असेल तर. १९७५ मध्ये हा गुन्हा रद्द झाला, म्हणून त्यानंतरच्या मजकुरात ‘आदुल्तेर’ दिसल्यास फौजदारी खटल्याऐवजी घटस्फोटाचा संदर्भ शोधावा.