फुग्यातला वायू आणि बधिर पाय : घरच्यांनी काय करावे
तारकर्लीच्या पुळणीत बोटाएवढ्या, 8 ग्रॅमच्या रिकाम्या पोलादी नळकांड्या आणि फुगे एकत्र आढळले, तर नशेसाठी नायट्रस ऑक्साइड ओढला गेल्याची शंका घ्यावी. हा वायू शरीरातील बी-12 जीवनसत्त्व निकामी करतो. त्यामुळे मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण झिजते, ओल्या वाळूचा गारवा तळव्यांना जाणवत नाही आणि डोळे मिटताच तोल जातो. मुलाने असे सांगितल्यास वायू तत्काळ बंद करावा, रागावणे पुढे ढकलावे आणि डॉक्टरांना सारे मोकळेपणाने सांगून रक्तातील होमोसिस्टीन (बी-12 निकामी झाल्यावर वाढणारा घटक) हेही तपासून घ्यावे, कारण बी-12चा आकडा अनेकदा सामान्यच येतो. उपचार बी-12च्या इंजेक्शनांचा आहे. नुसते फॉलिक ॲसिड देऊ नये. कोणी बेशुद्ध पडल्यास मोकळ्या हवेत कुशीवर निजवून 108 क्रमांकावर फोन करावा.