टर्बो बसवल्यावर आयडलला निळा धूर: माझा अनुभव

1.8 लिटरचं नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (मुळात टर्बो नसलेलं) इंजिन असलेल्या टू-सीटर कारला घरीच टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवला. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) नीट यायचा, पण गाडी दोन-तीन मिनिटं आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न देता नुसती चालू) ठेवली की सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे ऑइल जळत होतं.

आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा) बदलला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं, चारही सिलिंडर ठणठणीत. मग टर्बोच बदलला, तर दुसराही तसाच धूर ओकू लागला. तीन सुट्ट्या पाण्यात!

दोष ऑइलच्या रिटर्न पाइपात होता. टर्बोला ऑइल पंपाच्या दाबाने मिळतं, पण बाहेर पडतं ते निव्वळ उतारावर. आतलं सील रबराचं नसतं, पिस्टन रिंगसारखी कडी असते. ऑइल तुंबलं की ती त्याला अडवू शकत नाही. माझा पाइप मधेच झोळीसारखा लोंबत होता, शिवाय संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीखाली शिरत होता.

इंजिन गार झाल्यावर ऑइल काढून संप उतरवला. जुनं भोक वेल्डिंगने बुजवलं, नवं फिटिंग डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर लावलं. संप आतून धुतला. धातूचा कीस राहिला तर बेअरिंग गेलंच समजा. टर्बोचं सेंटर हाउसिंग (मधला भाग) फिरवून ऑइलचं तोंड सरळ खाली आणलं. 16 मिमी आतल्या व्यासाचा, ऑइल आणि उष्णता सोसणारा होज कुठेही खोलगट न ठेवता जोडला. नवं ऑइल भरलं, इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत थांबत-थांबत क्रँक केलं (स्टार्टरने नुसतं फिरवलं), मग फ्यूज लावून स्टार्ट.

सुरुवातीला धूर येतोच, घाबरू नका: एक्झॉस्टमध्ये साचलेलं ऑइल जळत असतं. माझा पंधरा मिनिटांत थांबला.